सासऱ्यांचं पिंप

जेवणं आटोपली आणि भाचीच्या नणंदेने सगळ्यांसमोर तिच्याकडून तळघराची किल्ली मागून घेतली.

"मावशी, तू उद्या परत जाशील," भाची म्हणाली. हातातला रुमाल ती घडी घालून पुन्हा उलगडत होती. "मला इथेच राहायचंय. मी वाइनचं पिंप नासवलेलं नाही."

मावशीचा उभा जन्म खासगी तपासात गेला होता. आता धाकट्या दिराला, भाऊजींना, सोबत घेऊन ती परदेशात नांदणाऱ्या भाचीकडे आली होती. सकाळपासून तिघं द्राक्षमळे पाहत हिंडत होती. गाडी लागते म्हणून मावशीने कपाळाला बाम चोपडला होता. त्या वासापुढे वाइनची पारख होत नाही, असं सांगून पहिल्या दोन्ही मालकांनी तिला नम्रपणे अंगणात बसवलं.

तिसरा मळा भाचीच्या सासरचा. तिथे सासऱ्यांनी मावशीला हाताला धरून तळघरात नेलं, मग स्वयंपाकघरात भट्टीपाशी शेजारी बसवून गप्पा मारल्या. भट्टीतला पाव करपला, तेव्हा नणंदच अंगणातून धावत आली.

"व्याही असावेत तर असे," भाऊजी म्हणाले होते. "आम्हाला बामासकट पदरात घेतलं."

जेवताना नणंदेने सासऱ्यांच्या खास पिंपातली वाइन आणली आणि पेला नाकाशी नेऊन तसाच खाली ठेवला. ओल्या पोत्यासारखा कुबट वास. हीच वाइन घ्यायला उद्या मोठं गिऱ्हाईक येणार होतं.

मावशीने एकेकाला विचारलं. भाची दुभाषी, स्वतःवरचे आरोप तीच मराठीत सांगत होती. सासरे म्हणाले, त्या पिंपाची चव त्यांच्याशिवाय कुणी घेत नाही. काल घेतली तेव्हा उत्तम होती. नणंद म्हणाली, त्यानंतर वहिनीनेच थोडी आटलेली पिंपं वरून काठोकाठ भरली, घाणेरड्या भांड्याने. भाची म्हणाली, त्याच भांड्याने शेजारची पिंपंही भरली, ती ठीक आहेत.

नणंदेकडून किल्ली घेऊन मावशी तळघरात उतरली. खास पिंपाचं लाकडी बूच तिने चाकूने खरवडलं.

"भाऊजी, हुंगा. माझ्या नाकात बाम आहे."

भाऊजींनी तोंड वाकडं केलं. मावशीने आणखी खरवडलं. आतही तोच वास.

"कुणाचा तरी डाव आहे, वहिनी. त्या नणंदेची नजरच मला..."

"तिचे डोळे रडून लाल झालेत. चला वर."

वर सासरे येरझाऱ्या घालत होते. मावशीने फक्त त्यांना आणि भाचीला खोलीत ठेवलं. भाऊजी मात्र दारातून हलले नाहीत.

"कालच्या भांड्यात घाण असती तर शेजारची पिंपंही नासली असती," मावशी म्हणाली. "आणि एका रात्रीत लाकडात वास इतका खोल मुरत नाही. हे पिंप कधीचंच बिघडलंय. काल ह्यांनी चव घेतली, तेव्हाही तो वास होताच."

"म्हणजे व्याही खोटं बोलले?" भाऊजींनी विचारलं.

"नाही. जिभेला जे कळलं ते सांगितलं. नाकाला काहीच कळलं नाही. दोन मालकांना माझा बाम दारातून सहन झाला नाही, ह्यांनी मला खेटून बसवलं. पाव ह्यांच्यापाशी करपला, धावली अंगणातली लेक."

भाऊजी हिरमुसले. "मला वाटलं, आपलेपणा."

"तोही होता." मावशी भाचीकडे वळली. "सांग त्यांना. आणि हेही सांग, की माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. दूध करपायचं आणि ते शांतपणे पेपर वाचत बसायचे. आम्हाला कळायला फार उशीर झाला. लाज वाटायची त्यांना."

भाचीला ते बोलायला धीर होईना. बोलली, तेव्हा सासऱ्यांनी येरझाऱ्या थांबवल्या. हिवाळ्यातल्या तापापासून वासच येत नाही, ते म्हणाले. पारखी म्हणून नाव कमावलेल्या माणसाने हे सांगायचं कुणाला? सुनेकडे बोट दाखवलं गेलं, तेव्हाही शंका गिळून ते गप्प राहिले होते.

मग त्यांनी लेकीला हाक मारली आणि तिच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. ती वहिनीच्या शेजारी जाऊन बसली.

सासरे स्वतः खाली गेले. शेजारच्या पिंपातून पेला भरून आणून त्यांनी सुनेपुढे धरला. गिऱ्हाइकाला आता हीच द्यायची होती.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

भाचीने बराच वेळ हुंगलं. होकाराची वाट पाहत सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"कच्ची आहे," ती म्हणाली. "यंदा नाही द्यायची."

सासऱ्यांनी पेला परत घेतला, उगाच एकदा नाकाशी नेला, आणि गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगायला ते फोनकडे गेले.