रोह्याला गेलेला मोडेम

"आलं का काही?" प्रविणने पुन्हा विचारलं.

रोहिणीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं, त्यामुळे त्याचा प्रश्न तिला कळलाच नाही. सहाव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. तेव्हापासून ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. प्रविण तिचा चुलतभाऊ. तो इतका भरभर बोलायचा, की ओळखता ओळखता तिची दमछाक व्हायची! शेवटी शेजारच्या घरातल्या मनस्वीने तिच्या खांद्याला हात लावला आणि भुवया उंचावल्या.

"नाही," रोहिणी म्हणाली. "मी 'एटी' लिहिलं, की मोडेमने 'ओके' असं उत्तर द्यायला हवं. हा नुसता गप्प!"

दिवाळीची सुट्टी होती, १९९८ सालची. पेणच्या त्या घरात बाहेर आकाशकंदील हलत होता, पण रोहिणीचं मन फराळात नव्हतं की किल्ल्यात नव्हतं. तिचे बाबा मस्कतला इमारतींच्या कामावर होते. त्यांचा फोन आला, की बोलायची ती आई. रोहिणी नुसती बघत राहायची. म्हणून मावसभाऊ विशालदादाने आपला जुना कॉम्प्युटर तिच्याकडे आणून ठेवला होता. त्यावर त्याने विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. ते फुकट मिळायचं, आणि आतून कसं चालतं ते कुणालाही वाचता यायचं. आता फक्त टेलिफोनच्या तारेला जोडणारा मोडेम चालला, की बाबांच्या ऑफिसात थेट ईमेल जाणार होता! पण तो बसवायच्या आधीच दादाला परीक्षेसाठी पुण्याला परतावं लागलं. पेणच्या रघूशेठच्या दुकानातून माणूस आला, कार्ड मशीनच्या पोटात खोचून गेला, आणि तेव्हापासून मोडेमने तोंड उघडलं नव्हतं.

त्यात परवाचा फोन. आई भिंतीकडे तोंड करून बोलली होती. असं ती कधीच करत नसे! रोहिणीला आपले ओठ दिसू नयेत म्हणूनच ती वळली होती. फोन ठेवून तिने पदराने डोळे टिपले आणि एवढंच म्हणाली, "बाबा बरे हायत गो."

खोटं! रोहिणीने ते तेव्हाच ओळखलं.

लिनक्सबरोबर इंग्रजीत भरपूर माहिती आली होती. मनस्वी मांडीवर शब्दकोश घेऊन बसली आणि दोघींनी ती चिवटपणे वाचून काढली. एके ठिकाणी रोहिणी थबकली. काही स्वस्त मोडेमना स्वतःचं डोकंच नसतं, असं तिथे लिहिलं होतं. त्यांचं निम्मं काम विंडोज करतं. लिनक्सवर ते मुकेच!

"पण दादाने डोकं असलेला मागवला होता ना?" प्रविण म्हणाला.

त्यांनी प्लग काढला, स्क्रू सोडवले आणि कार्ड बाहेर घेतलं. खोक्यावरच्या चित्रात कार्डाच्या कडेला बारीक पिनांची रांग होती, त्यांवर इवल्या टोप्या. या टोप्यांना जंपर म्हणतात. हातातल्या कार्डावर एकही पिन नव्हती!

"खोकं एकाचं, कार्ड दुसऱ्याचं!" मनस्वी ओरडली.

तिघं धावतच बाजारात गेली. रघूशेठने कार्डाकडे धड पाहिलंसुद्धा नाही. "आमचा माल ओके हाय! तुमचं ते लिनक्सच भंगार. जा, फटाके उडवा!"

तिघं बाहेर आली. रोहिणीने सहज मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे रघूशेठ आतल्या भागीदाराशी बोलत होता. सगळं कळलं नाही, पण काही शब्द तिने अचूक टिपले. 'दोन्ही खोकी एकदम उघडली... दिनानाथ सर... रोहा... पोरांना काय कळतंय!'

"आपलं कार्ड रोह्यात आहे," ती म्हणाली. रागाने तिचे कान लाल झाले होते.

रोह्याला रोहिणी आणि प्रविणची आत्या राहायची. तिला फराळाचा डबा पोचवायचं काम मुलांनी मोठ्या उत्साहाने अंगावर घेतलं. आईला एवढा उत्साह जरा विचित्रच वाटला, पण हल्ली तिचं कशातच लक्ष नव्हतं. पॅसेंजरच्या खिडकीतून कापणीला आलेली भातशेतं मागे पळत होती. रोहिणीला मात्र सारखी ती भिंत दिसत होती आणि तिच्याकडे तोंड केलेली आई.

आत्याने लगेच दिनानाथ सरांच्या कॉम्प्युटर क्लासचा पत्ता सांगितला. दिनानाथ सर चष्मा पुसत म्हणाले, "माझा मोडेम झकास चालतोय. चालतं मशीन मी कशाला उघडू?"

त्यांचंही खरंच होतं. त्यांच्या मशीनवर विंडोज होतं, त्यावर दोन्ही कार्डं चालणार! प्रविण बोलायला लागला आणि अडखळला. मनस्वीने रोहिणीकडे पाहिलं. परक्यांसमोर रोहिणी बोलत नसे. तिचे उच्चार ऐकून लोक हसायचे. पण आज ती स्वतःच पुढे झाली.

"सर, तुमचं कार्ड उद्या बिघडलं तर? खोक्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर वेगळा निघाला, तर रघूशेठ गॅरंटी देतील?"

सर तिच्याकडे पाहतच राहिले. हसले नाहीत. उठले आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागले!

झाकण निघालं. आत पिनांची रांग होती, टोप्यांसकट. नंबर पेणहून आणलेल्या खोक्याशी तंतोतंत जुळला. मुलांनी आणलेल्या कार्डाचा नंबर सरांच्या कपाटातल्या खोक्याशी!

"या रघूला बघतोच मी!" सर कडाडले. मग त्यांनी कार्ड रोहिणीच्या हातात ठेवलं आणि ती ओठ वाचते हे ध्यानात घेऊन सावकाश म्हणाले, "माझ्या क्लासात एवढ्या बारकाईने बघणारं कुणी नाही, पोरी."

घरी येऊन कार्ड बसवलं. 'एटी' लिहिलं. पडदा गप्प! प्रविणने कपाळावर हात मारला. रोहिणीचे डोळे भरून आले. बाबांना नक्की काय झालं असेल? तिने डोळे पुसले आणि पुन्हा वाचायला घेतलं. माउस आणि मोडेम एकाच वाटेवर येऊन एकमेकांना अडवत होते. तिने टोपी दुसऱ्या पिनांवर सरकवली, लिनक्सला नवी वाट कळवली आणि पुन्हा दोन अक्षरं टाइप केली.

'ओके.'

"बोलला! बोलला!" मनस्वी नाचायलाच लागली.

संध्याकाळी ईमेल गेला. 'बाबा, तुम्हाला काय झालंय? खरं सांगा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी.

'रोहिणी, ऑफिसातला मित्र माझ्यासाठी टाइप करतोय. मी परांचीवरून पडलो. पाय मोडला. तुला सांगू नकोस असं मीच आईला बजावलं होतं. चुकलो. आता एक गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. पाय पूर्वीसारखा होणार नाही म्हणतात. हे काम सुटेल, परत यावं लागेल. आईला एवढ्यात सांगू नकोस.'

आई मागे येऊन उभी राहिली होती. "काय म्हणतायत गो?"

'बरे आहेत' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.  पण रोहिणी आईकडे वळली आणि एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटचीसुद्धा.

आई मटकन खाटेवर बसली.  

"पाय पूर्वीसारखा होणार नाय, हे मला नाय सांगितलं त्यांनी," आई म्हणाली. "तू सांगितलंस, बरं केलंस. मीच तुझ्यापासून तोंड फिरवलं, ते चुकलं माझं. तुम्ही तिघांनी ही खटपट केली नसती, तर एका घरात राहून आपण दोघी वेगवेगळ्या रडत बसलो असतो."

तिने स्टूल ओढलं आणि रोहिणीला चेहरा नीट दिसेल अशी समोर बसली.

"लिही त्यांना. लंगडत या म्हणावं, पण या."

रोहिणी टाइप करू लागली.