मेन स्विच बंद होता

खोटं वाटलं तर खुशाल सोडून द्या. मी वायरमन आहे, पंचवीस वर्षं लाईनवर काम करतोय. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलो. पण गेल्या वर्षी एका मंगळवारी, भरदुपारी सव्वादोनला, माझ्या बहिणीच्या घरामागच्या शेडमध्ये जे झालं ते मी याच डोळ्यांनी पाहिलंय.

भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुना हायड्रॉलिक प्रेस आणला होता. गाड्यांची बेअरिंगं बसवायला. त्याची मोटर थ्री फेजची आणि घरात लाईन सिंगल फेज. मी कन्व्हर्टर लावून मोटर सुरू करून दिली.

अडचण एकच होती.

प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा दट्ट्या खाली यायचा. मध्ये हात सापडू नये म्हणून ती सोय.

"मग बेअरिंग काय दातात धरू?" भाऊजी म्हणाले. "डावं बटण काढून टाक."

"ते काढायचं नसतं, भाऊजी."

"मग घरचा वायरमन असून उपयोग काय तुझा?"

लागलं मला ते. डाव्या बटणाच्या दोन तारा मी एकत्र पिळल्या, वर टेप मारली. आता नुसत्या उजव्या बटणावर प्रेस चालणार होता. त्या दोन तारांसाठी आजही मी स्वतःला शिव्या घालतो.

भाऊजींनी डाव्या हाताने बेअरिंग धरलं. उजव्या हाताने बटण दाबणार, तेवढ्यात...

खट्.

डावं बटण आपोआप आत गेलं.

"स्प्रिंग गेली असेल," मी म्हणालो.

"तुझ्यासारखंच आहे. नुसता आवाज, काम शून्य!" भाऊजी हसले.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. शेजारचा रेडिओ गप्प झाला. सगळी गल्ली एकदम शांत...

प्रेसची मोटर मात्र घुमतच होती.

भाऊजींचा उजवा हात अजून हवेतच होता. बटणाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. तरी दट्ट्या खाली यायला लागला. सावकाश...

"भाऊजी, हात काढा!"

"निघत नाहीये! अरे, निघत नाहीये!"

हात धरून ठेवणारं मला तिथे काहीच दिसत नव्हतं. नुसतं त्यांचं मनगट, आणि त्यावरची आत दबलेली कातडी.

मी मेन स्विचकडे धावलो. खाली ओढला. मोटर चालूच. पक्कड घेतली आणि केबलच तोडली. तुटलेलं टोक माझ्या हातात...

पाठीमागे मोटर घुमतेय.

मग भाऊजी ओरडले. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

त्यानंतर प्रेस आपणहून थांबला. दट्ट्या वर गेला.

भाऊजींची दोन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. ताई उशाशी बसली होती. भाऊजींनी मला पाहिलं आणि पाय जवळ ओढून घेतले.

"माझं मनगट का धरून ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

मला कळेचना. "मी? मी मेनजवळ होतो, भाऊजी! पाठ होती माझी तुमच्याकडे!"

"तू माझ्या शेजारी होतास. हसत होतास."

"ताई, तू तरी सांग यांना..."

लहानपणी मला कडेवर घेऊन गल्लीभर फिरवणारी माझी ताई. ती उठली, खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, "जा इथून. परत तोंड दाखवू नकोस."

वर्ष झालं. ती माझा फोन उचलत नाही.

लोक म्हणतात, दुखण्यात माणसाला भास होतात. असतीलही. पण भाऊजींना मी वीस वर्षं ओळखतो. माझी टिंगल करतील, शिव्या देतील, पण खोटा आळ घेणारा तो माणूस नाही. त्यांनी मला तिथे पाहिलंय म्हणजे पाहिलंय.

आता दुरुस्तीला कुणाच्या घरी गेलो, की हत्यारं काढण्याआधी मी घरातल्यांना विचारतो, "मी एकटाच आत आलोय ना?"

लोक हसतात. मी मात्र उत्तर मिळेपर्यंत दारातच उभा राहतो.