हवेचे किलोमीटर

मंगळावरच्या तांबडवाडीत श्वासाची हवा किलोमीटरने मोजत. गाडीच्या टाकीत किती आहे, असं विचारलं की उत्तर येई, "एकशेवीस किलोमीटर." सुरुवातीच्या सगळ्या गाड्या ताशी चाळीसच्याच वेगाने धावत. त्यामुळे तीन तासांची हवा म्हणजे एकशेवीस किलोमीटर, हा हिशेब सोपा पडे. पुढे हळू-जलद धावणाऱ्या गाड्या आल्या, पण हवेचा काटा चाकालाच जोडलेला राहिला. चाक फिरेल तेवढाच तो उतरे.

भिकाजी तांडेल बिनतारी यंत्रापाशी बसला होता. त्याची मुलगी मंजुळा खाणीवरून एकटीच परतत होती. वाट एकशेवीस किलोमीटरची.

"आबा, धुळीच्या वादळात निम्मी वाट वीसनेच आले," तिचा आवाज आला. "आता साठने हाणते. वीस आणि साठ, सरासरी चाळीस! काटाही अजून साठ किलोमीटर दाखवतोय."

"ये गं माझी वाघीण!" भिकाजी हसला.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या डॉ. यशोधरा पाटणकर शेजारीच होत्या. त्यांनी बोलण्याचं बटण बंद केलं.

"भिकाजी, साठ किलोमीटर वीसने यायला किती वेळ लागला?"

"तीन तास. का?"

"आणि टाकीत हवा किती तासांची होती?"

भिकाजीचा चेहरा उतरला. "अहो बाई, पण सरासरी..."

"दोन वेग मिळवून दोनाने भागले की सरासरी वेग होत नाही. सगळं अंतर भागिले सगळा वेळ. ती साठने आली तरी आणखी एक तास लागेल. एकशेवीस भागिले चार, म्हणजे तीसच. चाळीस गाठायचे तर उरलेली वाट तिने शून्य वेळात यायला हवी. फुप्फुसांना किलोमीटर कळत नाहीत हो."

"मग आता?"

"समोरून गाडी सोडा. दोन्ही गाड्या साठने आल्या तर अर्ध्या तासात भेटतील. राखीव हवा वीस मिनिटांची. शांत राहिली तर कदाचित पुरेल. घाबरून धापा टाकू लागली, तर नाही."

भिकाजीने ओरडून गाडी सोडायला लावली. तेवढ्यात यंत्र खरखरलं.

"बाई तिथेच आहेत ना? बाई, माझं गणित बरोबर ना?"

चुकलेल्या गणिताला बाईंनी आजवर कधी 'बरोबर' म्हटलं नव्हतं. चूक कुठे आहे, ते त्या पोरांनाच शोधायला लावत. भिकाजीने त्यांच्यापुढे हात जोडले.

बाईंनी बटण दाबलं. "बरोबर आहे, बाळ. अगदी बरोबर."

"मग काळजीच मिटली! आबा, ऐका, खाणीवर नवं गाणं शिकलेय."

आणि ती मोकळ्या गळ्याने गाऊ लागली. भिकाजीचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. गप्प बस म्हणावं, तर ती विचारणार होती, का?