माझ्या आईवरच्या टाळ्या

त्या दुपारी शहापूरच्या कॉलेजच्या हॉलमध्ये मी शिरले ती फक्त पंख्याखाली बसायला. स्टेजवर एक अनोळखी मुलगा बोलत होता... आणि बोलत होता माझ्या आईबद्दल.

वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, मार्टिन ल्यूथर किंग यांचं वॉशिंग्टनचं भाषण आणि त्यातलं कसब. "ते एकाच शब्दाने पुन्हा पुन्हा वाक्य सुरू करतात," तो सांगत होता. "मग ऐकणाऱ्याच्या छातीत ठेका बसतो. ऐका. अजूनही सकुबाई दोन हंडे घेऊन टेकडी चढते. अजूनही तिला रोज धरण दिसतं. अजूनही तिच्या घरात नळ नाही."

हॉल टाळ्यांनी दणाणला. माझं डोकंच फिरलं. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. नाव पुकारलं, प्रणित. ढाल घेऊन तो बाहेर आला, तेव्हा मी पायरीवर वाट अडवून उभी होते.

"सकुबाई कोण, ठाऊक आहे?"

"एक... उदाहरण म्हणून—"

"माझी आई आहे ती."

त्याचा चेहरा उतरला. डोळे मात्र देखणे होते मेल्याचे, त्याचाही मला राग आला.

"मागच्या आठवड्यात एसटीत तू मैत्रिणीला 'आमची सकुबाई' म्हणून हे सगळं सांगत होतीस," तो चाचरला. "मी मागच्या सीटवर होतो. इतकं छान बोलत होतीस..."

"छान? चिडून बोलत होते मी."

"म्हणूनच छान."

हसू आलं, ते मी गिळलं.

"किंगनी ते भाषण कुठे केलं?"

"राजधानीत. सरकारच्या दारात."

"आणि तू पंख्याखाली, ढालीसाठी. एवढं कसब उलगडून दाखवलंस, तेवढंच कसं निसटलं रे?"

त्याने ढाल पायरीवर ठेवली आणि हळूच म्हणाला, "माझे वडील धरणाच्या ऑफिसात आहेत. आम्ही तिथल्याच वसाहतीत राहतो... आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं."

"मग सोमवारी ये. आमच्या बायका मोर्चा आणतायत तिथे. आईबद्दल बोलायचंय ना, तिच्यासमोर बोल. तुझ्या वडिलांसमोरही."

सोमवारी ऑफिससमोर आम्ही रिकामे हंडे घेऊन उन्हात बसलो. तिथले मोठे साहेब बाहेर आले, "अर्ज ठेवून जा" म्हणाले आणि पाठ फिरवली. माझ्या अंगाची लाही झाली. उठले आणि ओरडले, "आमचं पाणी कुठाय?"

आवाज एकटीचाच. बायका पदर सावरत बसून राहिल्या. साहेब चक्क हसले.

"धरणाला जमिनी दिल्या, त्यांचं पाणी कुठाय?"

मागून आवाज आला. वसाहतीच्या फाटकातून प्रणित चालत येत होता. "रोज टेकडी चढतात, त्यांचं पाणी कुठाय?" इथे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांच्या मागे उभा असलेला एक माणूस पांढराफटक पडला. त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा मात्र आईने हंडा जमिनीवर आपटला, "कुठाय?" आणि मग सगळ्याच बायका पेटल्या. साहेबांचं हसू मावळलं.

तो आमच्यातच येऊन बसला. आईने त्याला न्याहाळलं.

"कोनाचा रे तू?"

"साहेबांच्या मागे उभे आहेत ना... त्यांचा."

त्याचे वडील आत निघून गेले.

साहेबांनी गावात पाहणीला यायचं कबूल केलं. फक्त पाहणीला. आणि एवढ्यावर आम्ही खूश व्हायचं म्हणे. मी फणफणतच परत निघाले. प्रणित गावापर्यंत सोबत आला.

"घरी आज माझी धडगत नाही," तो म्हणाला. "अजून चिडलीयस?"

"हो."

"माझ्यावर?"

"थोडीशी."

तो थांबला. नजर जमिनीवर, कान लाल. "मला तू आवडतेस," एवढंच म्हणाला. त्यापुढे एक शब्द सुचला नाही त्या वक्त्याला.

"मला पण तू," मी म्हणाले, आणि रिकामा हंडा त्याच्या हातात दिला. विहीर टेकडीच्या पायथ्याशी होती आणि आमचं घर वर.