केशरी रेघेची गाडी

दार लोटून घ्या, वारा येतोय. आणि ते मोबाइल उलटे ठेवा. तोंडावर उजेड पडला की मी कुणाशी बोलतोय तेच मला कळत नाही.

सांगतो ते माझ्या ओळखीतल्या माणसाचं आहे. आम्ही त्याला पट्टेवाला म्हणायचो. नवखे लोक समजायचे, हा कुठल्यातरी ऑफिसात शिपाई असणार. तसं नव्हतं. तो रंगाच्या दुकानात रंग मिसळायचा. तुम्ही भिंतीचा टवका घेऊन जा, तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरणार, दोन्ही बाजूंनी बघणार आणि पाऊण तासात तस्साच डबा हातात देणार. पण त्याचा जीव होता तो पोलिसांच्या जुन्या गाड्यांवर. गाड्यांवर म्हणण्यापेक्षा त्यांच्या रंगावर. कुठल्या साली कुठला पट्टा होता, किती बोटं रुंद, दाराच्या मुठीच्या वर की खाली, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्यासमोर कुणी चुकून ‘काळी-पांढरी’ म्हणालं, की तो विचारायचा, ‘कुठली काळी-पांढरी? काळ्या छताची की काळ्या दारांची?’ मग तुमची संध्याकाळ गेली म्हणून समजा.

त्याची बायको म्हणायची, ‘आमच्या घराच्या दाराचा रंग विचारा यांना. सांगता येणार नाही.’

भंगारातून त्याने एक गाडी उचलली होती. चार दारांची, बोजड, पोलिसांतून कधीच बाद झालेली. वरचा रंग खरवडल्यावर तिचा मूळ रंग लागला. पांढरी गाडी, कमरेला निळा पट्टा आणि पट्ट्याच्या खाली बोटभर केशरी रेघ. हा रंग पोलिसांनी जेमतेम चौदा महिने वापरला होता. कारण उन्हाने केशरीचा गुलाबी व्हायचा, आणि ड्रायव्हर लोकांना रस्त्यावरची पोरं चिडवायची. पट्टेवाल्याला ती सापडली तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही. निळा नेमका कुठला, ते त्याला मागच्या दिव्याच्या रबराखाली मिळालं, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. तेवढ्या नखभर रंगावरून त्याने पत्र्याच्या एकोणीस तुकड्यांवर निळे करून पाहिले.

तिची वायरिंग मी केली. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल. छतावरचा निळा दिवा त्याने बसवला होता, पण त्याला वायर जोडली नव्हती. खाजगी माणसाला तो लावायची परवानगी नसते. वायरचं टोक मी स्वतः चिकटपट्टीने बंद करून छताच्या कापडात खोचलं होतं.

गाडी पुरी व्हायच्या आधी, ऑक्टोबरात, त्याची बायको गेली. अचानक. घरातच. तीन महिने त्याने गॅरेजचं दार उघडलं नाही. रडलाही नाही. मी भेटायला जायचो तेव्हा टीव्ही चालू असायचा, आवाज बंद. मुलगी दुसऱ्या गावाहून रोज फोन करायची. ‘बाबा, जेवलात?’ ‘हो.’ जेवलेला असो नसो, हो. मी एकदा विचारलं, ‘कसं वाटतंय?’ तो म्हणाला, ‘काही वाटत नाहीये. दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं.’

मग जानेवारीत त्याने स्वतःच गॅरेज उघडलं. राहिलेलं काम उरकलं. वरून लॅकरचे तीन हात दिले, म्हणजे तो काचेसारखा पारदर्शक थर, रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून देतात तो. मार्चमध्ये शेजारच्या शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, जा. आईला आवडलं असतं.’ तो हो म्हणाला. तो तेव्हा सगळ्यालाच हो म्हणायचा.

शनिवार संपून रविवार लागला होता. मार्चची नऊ तारीख. उन्हात ते इंजिन तापायचं, म्हणून तो रात्री साडेबाराला निघाला. दारांवरच्या ‘पोलीस’ या अक्षरांवर कागद चिकटवले होते, छतावरच्या दिव्यावर कापडाची पिशवी ओढून नाडी बांधली होती. नियमाप्रमाणे सगळं. रस्ता रिकामा होता. चाळीसच्या वर काटा जाऊ न देता तो चालवत होता.

एक वाजून चाळीस मिनिटांनी तो पाण्याच्या टाकीजवळ आला. तिथे रस्त्याला लागून एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांची घरं आहेत. एका साच्यातली, एका ओळीत, बहुतेक कुलपं लावलेली. तिथे रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा होता. बनियन, पँट, पायात काही नाही. एक हात वर केलेला. थांबवायला करतात तसा नाही. खूप वेळ वर धरून ठेवलेला असावा, तसा.

पट्टेवाल्याने ब्रेक लावला.

माणूस खिडकीपाशी आला. वाकला. म्हणाला, “आलात.”

“अहो, ही पोलिसांची गाडी नाही,” पट्टेवाला म्हणाला. “प्रदर्शनाची आहे. जुनी.”

माणसाने गाडीकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. “निळा पट्टा आहे. खाली केशरी आहे. फोनवर हेच सांगितलं होतं, अशी गाडी येईल म्हणून.”

“काय झालंय?”

“आत या. लिहून घ्यायचंय.”

तुम्ही म्हणाल, हा गेला कशाला? मीही विचारलं. तो म्हणाला, घाबरायला काहीतरी वाटावं लागतं. त्याला काहीच वाटलं नाही. एका माणसाने चला म्हटलं, तो गेला. इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, मागोमाग चालत गेला.

ओळीतलं चौथं घर. दार उघडं. एकच खोली. लोखंडी खाट, तिच्यावर गादी नाही. एक खुर्ची. भिंतीवर जुना फोन, त्याचा रिसिव्हर वायरीला लोंबत होता. फरशी ओली होती, नुकती पुसलेली.

“मी पुसून घेतलं,” माणूस म्हणाला.

पट्टेवाला खुर्चीवर बसला. खिशात त्याची छोटी वही असायची, रंगांची मापं लिहायची. ती काढली. पेन्सिल काढली.

“लिहा. बायको पडली एक वाजून पाच मिनिटांनी. मी फोन केला एक वाजून सात मिनिटांनी. लोक म्हणतात मी उशिरा केला. बसून राहिलो म्हणतात. तसं नाहीये. दोन मिनिटं. तेवढी तिला उचलायला गेली.”

त्याने लिहिलं.

“गाडी कधी आली?”

“आत्ता आली की.”

त्याने तेही लिहिलं. एक चाळीस. लिहिताना त्याला जाणवलं, की पान थोडं निळं दिसतंय… मग नाही… मग परत निळं. त्याने वर पाहिलं. समोरच्या भिंतीवरून उजेड सरकत गेला. निळा. खाटेवरून, फोनवरून, त्या माणसाच्या बनियनवरून. गेला. परत आला. खिडकीबाहेर त्याची गाडी उभी होती. आवाज काही नाही. नुसता उजेड फिरत होता.

ती वायर मी जोडली नव्हती. आधीच सांगितलंय.

“झालं,” पट्टेवाला म्हणाला. “लिहिलं.”

“आता तुमचं.”

“माझं काय?”

“हाक कधी आली?”

…

भिंतीवरून उजेड गेला. आला. गेला.

“तुम्हाला हाक कधी आली?”

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीला नाही. मला नाही. डॉक्टरला नाही. बायको गेली त्या दिवशी तो गॅरेजमध्ये निळा पट्टा ओढत होता. पट्टा एका दमात ओढावा लागतो, मध्ये हात उचलला तर सांधा दिसतो. आणि तिने स्वयंपाकघरातून हाक मारली होती. ‘अहो, जरा येता का?’ एकदाच. मोठ्याने नाही. तो म्हणाला होता, ‘आलो. एवढं संपू दे.’

“पाच दहाला,” पट्टेवाला म्हणाला.

“आणि तुम्ही गेलात कधी?”

…

“पाच पस्तीसला.”

“लिहा.”

त्याने लिहिलं. पाच दहा. पाच पस्तीस. स्वतःच्या हाताने. त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. आपण रडू, किंवा हा माणूस काही बोलेल. काही झालं नाही. माणूस उठला. लोंबणारा रिसिव्हर उचलून त्याने जागेवर ठेवला. हळू. मग दारापर्यंत आला.

पट्टेवाला बाहेर पडला. ओट्यावर वळून पाहिलं. माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. गाडीकडे बघत होता.

“केशरी अजून गेला नाही,” तो म्हणाला. आणि दार लावून घेतलं.

बाहेर अंधार. छतावरच्या दिव्यावर कापडाची पिशवी तशीच. नाडीची गाठ तशीच. तो गाडीत बसला. घड्याळात एक बेचाळीस.

वहीचं काय, म्हणता? ते पान त्याने मला दाखवलंय. अक्षर त्याचंच आहे. पण त्याला मी पुरावा म्हणत नाही. दुःखातला माणूस रस्त्याकडेला गाडी लावून झोपेतही लिहील. इथवरचं सगळं मी त्यालाही तसंच समजावलं. पाच महिने नीट झोप नाही, रात्रीचा प्रवास, डोळा लागला असेल. तो म्हणाला, “असेल.”

सकाळी तो प्रदर्शनात पोचला. मैदानात गाड्या रांगेने लावल्या होत्या. तपासायला एक म्हातारे गृहस्थ होते, पोलिसांतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. चौदा महिने त्यांनी याच रंगाची गाडी चालवली होती. कागद काढलेली गाडी बघून ते जरा वेळ उभेच राहिले. मग पट्ट्यावर तळहात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा.

“निळा बरोबर आहे,” ते म्हणाले. “रेघ बरोबर आहे. उंची बरोबर. इतकी वर्षं झाली, कुणी अशी केलेली पाहिली नाही.”

“थँक यू,” पट्टेवाला म्हणाला.

मग ते गुडघ्यावर हात टेकून मागच्या डाव्या दारापाशी बसले. खिशातून बॅटरी काढली. बराच वेळ तिथेच बघत राहिले.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय?”

“हे कुठल्या पुस्तकात नाही. फोटोतही दिसत नाही. साहेब लोकांनासुद्धा माहीत नव्हतं. हे फक्त आम्हा ड्रायव्हर लोकांचं होतं.” त्यांनी केशरी रेघेच्या खाली, दाराच्या कडेला बोट ठेवलं. “फोन यायचा, आम्ही निघायचो, आणि पोचेपर्यंत आत माणूस गेलेला असायचा. असं झालं की परत आल्यावर आम्ही इथे एक ठिपका द्यायचो. पांढरा. काडीच्या टोकाने. कुणाला दाखवायला नाही. आपल्याला माहीत असावं म्हणून.”

पट्टेवाला वाकला. पांढऱ्या पत्र्यावर पांढरा ठिपका, बॅटरी तिरपी धरल्याशिवाय दिसत नव्हता. ज्वारीच्या दाण्याएवढा.

“पण दोन का दिलेत?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

पट्टेवाल्याने त्यांच्या हातातली बॅटरी घेतली आणि स्वतः तिरपी धरून पाहिली.

ती गाडी अजून त्याच्या गॅरेजमध्ये आहे. त्यानंतर त्याने ती बाहेर काढलेली नाही, आणि तिच्यावर रंगाचा थेंबही लावलेला नाही. मी बॅटरी घेऊन गेलो होतो. दाराशी बसलो. नखाने खरवडून पाहिलं. नख घसरतं. नखाला काही लागत नाही. ठिपके वर नाहीत. लॅकरच्या तीन हातांच्या खाली आहेत.

पहिला पिवळा पडलाय, जुना पांढरा पडतो तसा.

दुसरा अजून पांढरा आहे.