दोन टिचक्या

"आधी कानाशी धर, पोरी. डोळे मागून."

बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचं जुन्या नोटांचं दुकान. नोट कानाशी धरून हलकेच टिचकी मारायची. कोरी नोट 'चटक्' बोलते. कुणी धुऊन, इस्त्री फिरवून आणलेली मुकी राहते. तिला छापल्या किमतीवर कुणी दमडी देत नाही.

पुढचं मी मनानं रचलेलं नाही. पटत नसेल तर राहू द्या. पण घडलंय ते माझ्याच दुकानात. बाबा गेल्याच्या सातव्या महिन्यात, मंगळवारी, भर दुपारी सव्वातीनला. रस्ता वाहत होता. ऊन उंबरा ओलांडून काउंटरपर्यंत चालत आलं होतं.

भुताखेतांची वेळच नव्हती ती.

ओळखीच्या शिवणकामवाल्या काकू आल्या. पर्समधून पिशवी, पिशवीतून वहीचं पान, पानातून एक नोट निघाली.

"बघ गं, हिचं काही जास्त येतंय का. मशीन विकलीय मी. संध्याकाळी माणूस न्यायला येईल. इसार परत दिला तर सौदा सोडीन म्हणतो."

"मशीन विकलीत? मग शिवणार कशावर?"

"तुझ्या डोक्यावर! बघ आधी."

हसता हसता त्यांनी डोळे टिपले.

"ही नोट आमच्या ह्यांच्या पगारात आली होती. तुझ्या बाबांना दाखवली, तर म्हणाले, छापलीय तेवढीच किंमत. तरी ओळखीखातर दुप्पट देतो. हे एक नंबरचे हट्टी. 'तेवढीच आहे तर दुप्पट कशाला?' म्हणाले, आणि आले परत घेऊन."

मी टिचकी मारली.

चटक्.

दिव्यावर धरली. घडी नाही, टाचणीचं भोक नाही. भिंग घेतलं. डावीकडच्या नंबराचा शेवटचा आकडा तीन. उजवीकडे...

आठ.

छापखान्याची चूक. अशा चुकीवर संग्राहक जीव ओवाळून टाकतात. एक सोडा, तीन मशिनी आल्या असत्या.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला...

चटक्. चटक्.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. गिऱ्हाईक समोर असताना बाबा अशा दोन टिचक्या मारायचे. म्हणजे, गप्प बस, भाव मी बोलतो. ही खूण फक्त आम्हा बापलेकींची.

मागच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला.

"आत कोण आहे गं?"

काकूंनीही ऐकलं होतं!

"कुणी नाही."

आणि रस्ता गप्प झाला... काचेपलीकडे माणसं चालत होती, पण पावलं वाजत नव्हती. नोटेखालचा दिवा विझला. आत्ता ठेवलेलं भिंग जागेवर नव्हतं.

मग माझ्या बोटांवर गार बोटं आली...

नोट हळूहळू माझ्या खणाकडे सरकू लागली.

घाबरले का? घाबरले. पण त्याहून जास्त संतापले. घट्ट धरावी तर नोट चुरगळणार. मी नोटा दाबायची जाड काच उचलली, नोटेवर ठेवली आणि काचेवर दोन्ही तळवे रोवले.

"नाही, बाबा!" मी मोठ्यानं म्हणाले. "दुकान आता माझं आहे. भाव मी बोलणार."

गारवा मनगटापर्यंत चढला. कोपरापर्यंत आला. मी हात काढला नाही.

"काकू, मशीन देऊ नका. ही नोट फार मोलाची आहे. इसाराचे पैसे मी आत्ता देते, उरलेले नोट विकली की."

बाहेर एकदम हॉर्न वाजला. पावलं परतली. दिवा मात्र लागला नाही. तो आजही लागत नाही. तीन दिवे बदलून झाले. भिंगही सापडलेलं नाही. आणि त्या दुपारपासून मागचं कुलूप उघडायला माझा हात धजत नाही.

काकूंनी काचेवर वाकून नोट पाहिली. मग मायेनं म्हणाल्या, "तुझ्या बाबांची नजर चुकली असेल गं तेव्हा. माणूसच ना."

चटक्. चटक्.

या वेळी अगदी माझ्या कानाशी.

मान डोलावली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"नजर चुकली नव्हती, काकू," मी म्हणाले. "काका आले तेव्हा मी इथंच, या स्टुलावर बसले होते. तीन आणि आठ आधी मलाच दिसले होते. आणि मी गप्प बसले."