उतारावरची फळी

"माझा भाऊ जीव देणाऱ्यातला नव्हता, अण्णा. तेवढं सिद्ध करून द्या. मला बाकी काही नको."

संयोगिता इंगळे खुर्चीच्या कडेवर बसली होती. समोर ठेवलेल्या कॉफीवर साय धरली होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. भावाचा तेरावा नुकताच झाला होता.

प्रतापराव जगदाळे यांनी वीजमंडळातली इंजिनियरची नोकरी मुदतीआधीच सोडली आणि बंगळुरात चामराजपेटेतल्या घराच्या पुढच्या खोलीत खाजगी तपासाचं काम सुरू केलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. शेजारचे सुधींद्र मास्तर सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक. ते रोज सकाळी पेपर वाचायला येत आणि अशील आलं की पेपर घडी करून ऐकत बसत. संयोगितेचा चेहरा पाहून आज त्यांनी तो आधीच मिटून ठेवला होता.

"पहिल्यापासून सांगा," प्रतापराव म्हणाले.

यशोवर्धन अठ्ठावीस वर्षांचा होता. परदेशी मासिकातलं एक चित्र पाहून त्याने विजेवर चालणारा स्केटबोर्ड बनवायला घेतला. सागवानाची फळी, खाली चार चाकं, एक मोटर, स्कूटरच्या दोन बॅटऱ्या आणि वायरीने जोडलेली हातातली मूठ. मुठीचा घोडा दाबला की फळी पळायची, अंगठ्याखालचं बटण दाबलं की ब्रेक लागायचा. मल्लेश्वरमात त्यांचं घर उताराच्या माथ्यावर होतं. रोज उजाडलं की यशोवर्धन त्या फळीवर उभा राहून उतरत जायचा आणि खालच्या वळणाला अलगद थांबायचा. १९९८ सालच्या बंगळुरात असलं वाहन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. लोक दूध घ्यायचं सोडून बघत उभे राहत.

त्या सोमवारी तो थांबलाच नाही. वळणावरच्या दगडी भिंतीवर आदळला आणि जागीच गेला.

"पोलिसांनी फळी तपासली," संयोगिता म्हणाली. "एक वायर तुटलेली नाही, एक स्क्रू ढिला नाही. ब्रेक दाबून पाहिला, नीट लागला. म्हणजे यशाने तो दाबलाच नाही, असं ते म्हणतात. त्याचं ठरलेलं लग्न दोन महिन्यांपूर्वी मोडलं होतं. मग काय, गल्लीतल्या लोकांनी हिशेब जुळवून टाकला. अप्पा तर त्या दिवसापासून एक शब्द बोललेले नाहीत."

"प्रथम कुणी पाहिलं?"

"कोपऱ्यावरच्या फुलवालीने. फळी उलटी पडली होती आणि चाकं नुसती गरगर फिरत होती म्हणे. मूठ यशाच्या अंगाखाली दबलेली. भीतीने कुणी हात लावेना. पोलीस आले आणि त्यांनी बॅटरीची वायर उपटली, तेव्हा कुठे ती थांबली."

प्रतापरावांनी डोळे मिटले. सुधींद्रांना ती खूण ठाऊक होती. अशा वेळी आपण गप्प राहायचं.

*

इंगळ्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. यशोवर्धन गेल्यापासून तिला कुलूप होतं. पोलिसांनी परत केलेली फळी तेवढी दाराशी टेकवून ठेवली होती.

प्रतापरावांनी आधी फळीकडे पाहिलंच नाही. ते भिंतीवरच्या चार्जरपाशी गेले. चार्जरला खुंटी फिरवून लावायचा टायमर जोडलेला होता.

"हा त्यानेच बसवला," संयोगिता म्हणाली. "झोपायला जाताना खुंटी थोडी फिरवायचा. ती परत शून्यावर आली की चार्जिंग आपोआप बंद."

बाकावर एक पांढरं धुवट कापड पडलं होतं. प्रतापरावांनी ते उजेडात धरलं. कापडाच्या मधोमध सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं होती, दोन ठिकाणी, थव्याने.

"हे कशाचं?"

"चार्जिंगला लावल्यावर फळीवर धूळ बसू नये म्हणून झाकायचा. अप्पांचं जुनं धोतर फाडून मीच दिलं होतं. आधीचं विरलं होतं." ती जवळ आली. "पण हे तर मी रविवारी दुपारी दिलं! तेव्हा धड होतं."

"झुरळांनी खाल्लं असेल," सुधींद्र म्हणाले.

प्रतापरावांनी कापडाची घडी घालून खिशात ठेवली. "सोमवारी सकाळी तुम्ही इथे आला होतात?"

"यशाला कॉफी द्यायला. आत कसलासा उग्र वास होता, घशात ठसका बसला. मी त्याला म्हटलं, तर म्हणाला, मला कसलाच वास येत नाही. सर्दीने नाक चोंदलं होतं त्याचं. रविवारी आवाजही बसला होता, म्हणून लवकरच झोपला."

"रविवारी रात्री घरी कोण आलं होतं?"

"संध्याकाळी रम्या आली होती. लग्न ठरलं होतं ना, ती. नंतर कुणी नाही. जेवताना एक फोन आला, तो अप्पांनी घेतला. कुणाचा ते काही बोलले नाहीत."

ओसरीवर संयोगितेचे वडील गिरीराजराव इंगळे आरामखुर्चीत बसून होते. प्रतापरावांनी समोर जाऊन नमस्कार केला. म्हाताऱ्याने हात जोडले आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. त्या नजरेत दुःख होतंच, पण सुधींद्रांना त्यात आणखी काही दिसलं. वर्गात चोरी केलेलं पोर मास्तरांसमोर बसतं, तसा तो माणूस बसला होता. हा विचार मनात आल्याची सुधींद्रांनाच लाज वाटली.

*

रम्या एका शाळेत शिकवायची. मधल्या सुट्टीत ती त्यांना फाटकापाशी भेटली. तिचे डोळे कोरडे होते. रडून संपल्यावर होतात तसे.

"लग्न माझ्या घरच्यांनी मोडलं, मी नाही," ती म्हणाली. "खेळण्यावर उभं राहून फिरणाऱ्याला मुलगी कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. रविवारी मी यशाला सांगायला गेले होते की घरचे येवोत न येवोत, मी तयार आहे. तो हसला. आवाज नव्हता, नुसताच हसत राहिला. दुसऱ्या दिवशी तो मरायला का जाईल?"

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं. स्वल्प शांत व्हा अम्मा, म्हणाले, आणि पुढचं विचारलंच नाही."

"फळीबद्दल काही बोलला होता?"

रम्याने आठवून पाहिलं. "आवाज बसायच्या आधी एकदा म्हणाला होता, ब्रेकला एक वाईट खोड आहे. ती जाईपर्यंत मी ही वस्तू कुणाला विकू देणार नाही. फळी विकत घ्यायला अमेरिकेहून पाहुणे यायचे आहेत, त्यांना तोंडावर सांगेन. कुठली खोड, ते मी विचारलं नाही."

*

अजित दामले पुण्याचा. दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इथे आलेला. फळीतली इलेक्ट्रॉनिक्सची सगळी बाजू त्याची होती. येलहंक्याच्या भाड्याच्या खोलीत त्याने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि स्वतः खिडकीत टेकला.

"सर, आय ॲम स्टिल इन शॉक. मी शुक्रवारीच पुण्याला गेलो होतो, चुलतभावाचं लग्न होतं. शेकडो लोक साक्षीला आहेत. सोमवारी बातमी कळली, तसाच विमानाने आलो."

"मधल्या दिवसांत इंगळ्यांच्या घरी बोलणं झालं?"

"नाही. लग्नाच्या गडबडीत कॉन्टॅक्टच नव्हता."

"ब्रेक कसा होता?"

"परफेक्ट! डिझाइन माझं आहे. पोलिसांनीही टेस्ट केला. एकही दोष नाही. यशच्या मनाचं म्हणाल, तर ते मला माहीत नाही. रम्याचं प्रकरण झाल्यापासून तो अपसेट होता."

सुधींद्रांना मघापासून एक शंका छळत होती. ती त्यांनी विचारून टाकली. "वाटेत बॅटरीच संपली असेल, आणि त्यामुळे ब्रेक लागला नसेल, असं होईल का हो?"

अजित किंचित हसला. "काका, बॅटरी काठोकाठ भरलेली होती. संपण्याचा प्रश्नच नाही."

आपण काहीतरी बावळट विचारलं, असं वाटून सुधींद्र ओशाळले. पण प्रतापराव त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होते, जशी सुधींद्रांनी या मित्राकडून क्वचितच अनुभवली होती.

"ते अमेरिकन पाहुणे?" प्रतापरावांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात येतायत. पसंत पडलं तर मला तिकडेच बोलावतील. यशचं स्वप्न होतं, सर. कुणीतरी ते पुरं करायला हवं. बोर्ड संयोगिताकडे मागितलाय मी."

"मिळेल," प्रतापराव म्हणाले. "रविवारी सकाळी या. तिथेच देऊ."

*

रविवारी सकाळी इंगळ्यांच्या फाटकासमोर सगळे जमले. संयोगिता, रम्या, अजित, आणि दोन शिपाई घेऊन इन्स्पेक्टर कल्लाप्पा. गिरीराजरावांची आरामखुर्ची पायरीपाशी आणून ठेवली होती.

प्रतापरावांनी फळीवर वाळूची दोन पोती बांधली. मागे दोर होता, तो शिपायांच्या हाती दिला. मूठ लांब वायर जोडून स्वतः धरली.

"या बॅटऱ्या मी रात्रभर चार्ज केल्या आहेत. आता दोर सैल सोडा. ब्रेक मी लावतो."

फळी उताराला लागली. प्रतापरावांनी बटण दाबलं. फळीच्या पोटात खट्ट असा आवाज झाला आणि ती तशीच पळत राहिली. शिपायांनी दोर आवळला म्हणून ती थांबली.

रम्याने तोंडावर हात धरला.

"आता थोडं थांबू." प्रतापरावांनी पोती सोडली, फळी उलटी केली आणि घोडा दाबून धरला. चाकं बराच वेळ हवेत गरगरत राहिली. मग पोती पुन्हा चढली आणि फळी पुन्हा उताराला लागली. या वेळी बटण दाबताच ती जागच्या जागी थबकली. दोर सैलच राहिला.

"सरी, बरोबर आहे," कल्लाप्पा हळूच म्हणाले. "पण काय झालं हे?"

"हा ब्रेक चाकाला घासत नाही, साहेब. बटण दाबलं की मोटरच डायनॅमो बनते. वेगाची वीज होते, ती बॅटरीत परत जाते आणि फळी थांबते. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? दाब एकदम चढतो, आतलं कटआउट उडतं आणि ब्रेक नाहीसा होतो. हीच ती खोड. यशोवर्धनला ती माहीत होती. म्हणून तर त्याने टायमर बसवला होता, बॅटरी पुरती भरायच्या आत चार्जिंग बंद पडावं म्हणून."

"मग आमच्या हाती ब्रेक कसा लागला?"

"मुठीचा घोडा अंगाखाली दबला होता, म्हणून तुम्ही वायर उपटेपर्यंत चाकं फिरत होती. तेवढ्यात बॅटरी उतरली, कटआउट पूर्ववत झालं. खून करणारं हत्यार तुमच्यासमोर आपोआप निर्दोष झालं." प्रतापरावांनी खिशातून कापड काढलं. "त्या रात्री बॅटऱ्या प्रमाणाबाहेर चार्ज झाल्या, त्याचा पुरावा हा. बॅटरी भरूनही वीज चालू राहिली की आतलं आम्ल उकळल्यासारखं बुडबुडतं, तोंडातून तुषार उडतात. नव्या कापडाची चाळण झाली. शेडमध्ये उग्र वास कोंडला. संयोगिताबाईंना ठसका बसला, पण यशोवर्धनचं नाक बंद होतं. त्याने मूठ हातात घेतली, ब्रेक आहे या भरवशावर."

"टायमर कुणी फिरवला?" संयोगितेचा आवाज चिरकला.

प्रतापराव आरामखुर्चीपाशी गेले आणि पायरीवर बसले.

"अप्पा," ते म्हणाले, "रविवारचा फोन कुणाचा होता, ते तुम्ही सांगितलंत तर तुमचं ओझं उतरेल. ते तुमचं नाहीच. दुसऱ्याने तुमच्या खांद्यावर टाकलंय."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. इतक्या दिवसांनी आलेला आवाज खरखरीत होता.

"मी फिरवली खुंटी." संयोगिता पुढे झाली, तिला त्याने हातानेच थांबवलं. "तो झोपल्यावर. पार शेवटपर्यंत. अजितचा फोन होता. म्हणाला, काका, यशची बॅटरी वाटेत संपते, सर्दीत ती जड फळी उचलून चढ चढावा लागेल त्याला. खुंटी पुरी फिरवून ठेवा, पण सांगू नका, तो चिडतो. मी कधी त्या फळीला बरं म्हटलं नव्हतं. म्हटलं, एकदा तरी त्याच्यासाठी काहीतरी करावं." त्याने हातांकडे पाहिलं. "नंतर वाटलं, जास्त वीज भरली म्हणून ती आवरली नाही. मी मारलं माझ्या पोराला."

"खोटं आहे हे!" अजित ओरडला. "मी फोन केलाच नाही. काकांच्या मनावर परिणाम झालाय, कुणीही सांगेल."

"मग बॅटरी काठोकाठ भरलेली होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" प्रतापराव उठले. "टायमर ती कधीच भरू देत नसे. पोलिसांच्या हाती आली तेव्हा ती उतरलेली होती. त्या रात्री ती भरली, हे अप्पांना ठाऊक होतं आणि भरायला सांगणाऱ्याला. आमच्या मास्तरांनी सरळ मनाने विचारलं आणि तुम्ही सरळ उत्तर दिलंत. शिवाय डिझाइन तुमचं. त्यातली खोड तुम्हाला माहीत नव्हती, की आमच्यापासून लपवायची होती?"

अजितने फाटकाकडे पाहिलं. तिथे कल्लाप्पा उभे होते.

"तो पाहुण्यांना सगळं सांगणार होता," अजित अखेर म्हणाला. पुण्याचा तो चटपटीत आवाज आता राहिला नव्हता. "एक वर्ष थांबू म्हणत होता. मला वाटलं, पडेल, पाय मोडेल. महिनाभर प्लास्टरमध्ये राहील, तेवढ्यात मी डेमो देईन. मरेल असं... आय स्वेअर, काका."

"उतार तुम्ही पाहिला होता," प्रतापराव म्हणाले. "आणि खालची भिंतही."

शिपाई त्याला घेऊन गेले. जीपचा आवाज विरला.

"मी खुंटी फिरवली नसती तर तो जगला असता," गिरीराजराव म्हणाले.

सुधींद्रांना वाटलं, प्रतापराव आता काहीतरी दिलासा देतील. पण प्रतापराव खोटं बोलले नाहीत.

"हो, अप्पा. आणि तुमचं त्याच्यावर प्रेम नसतं, तरीही जगला असता. त्या माणसाने नेमकं तेच वापरलं. शिक्षा त्याला होईल. तुम्ही ती स्वतःला देऊ नका."

गिरीराजरावांची नजर फाटकापाशी उभ्या असलेल्या रम्याकडे गेली. लग्न मोडल्यापासून ते तिच्याशी बोललेच नव्हते.

"त्या संध्याकाळी तू आली होतीस ना," ते म्हणाले. "काय म्हणाला तो तुला?"

रम्या पायरीवर येऊन बसली. "बोलता येत नव्हतं त्याला, अप्पा. माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं. आपल्या लग्नाचं उद्या सकाळी आधी अप्पांना सांगतो, मग सगळ्यांना."

म्हाताऱ्याने तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो मोठ्याने रडला.

सुधींद्रांनी मित्राच्या दंडाला स्पर्श केला. दोघं फाटकाबाहेर पडले.